मागच्या सीटचं वजन

समस्त जनतेस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, तेलगावच्या अलीकडे आमच्या गावात, चाँदपाशा मिस्त्रींच्या शेडमध्ये, वजन केल्याशिवाय कोणासही चहा मिळत नाही. पाहुणा असो, पुढारी असो, आधी काट्यावर, मग खुर्चीवर.

"चहा पिऊन चढलात तर कपभर खोटं वजन येतं," असं मिस्त्रींचं म्हणणं.

मिस्त्री विमानं बनवतात. शेडवर तशी पाटीच आहे: 'येथे ग्लायडर तयार करून मिळतील. पाण्याच्या मोटारीही भरून मिळतील.' ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. दोरीनं ओढून वर सोडायचं, मग तापल्या हवेवर घारीसारखं तरंगायचं. दोन त्यांनी परगावच्या क्लबला विकलेली. तरी कुणी "कारखाना कसा चाललाय?" असं त्यांना विचारलं, की शेजारचे मध्येच उसाचा भाव सांगू लागत.

त्या वर्षी दुष्काळानं आमचा तलाव आटून सपाट मैदान झाला होता. मिस्त्रींनी तिसरं ग्लायडर केलं, पहिल्यांदाच दोन सीटचं, आणि ते तलावातून उडवायचं ठरवलं. ओढायला आमच्या दूध संस्थेची जीप हवी होती. दूधच आटल्यामुळे ती उभी होती. मी संस्थेचा सचिव. भाबडेपणानं विषय संचालक मंडळापुढे ठेवला.

झालं. विमान अजून जमिनीवर, आणि मागच्या सीटसाठी दोन पॅनल उभी. ठराव झाला: जीप मिळेल, पण मागे संचालकच बसेल.

"पहिला मान खुर्चीचा," चेअरमन आबासाहेब म्हणाले.

"हवेला चेअरमन नसतो, आबा." हे मिस्त्रींचं ठेवणीतलं वाक्य. "पण या, काट्यावर या."

आबासाहेब चढले. "जमत न्हाई." व्हाईस चेअरमननी चपला काढल्या, मग फेटा, मग खिशातला अडकित्ता. "जमत न्हाई." एक संचालक आदल्या दिवसापासून उपाशी होता. "तुमी लई जवळ आलात. पण जमत न्हाई."

"दुष्काळात एवढी वजनं राहिली कशी बे?" दारातून कुणीतरी विचारलं. मंडळानं घाईघाईनं ठराव दुरुस्त केला: वजनात बसेल तो बसेल.

सगळे गेल्यावर मी पुढे झालो. मी काडीपैलवान. मिस्त्रींनी मला काट्यावर चढूसुद्धा दिलं नाही. मी सीट निरखली. एका बाजूचा काठ मुद्दाम खाली घेतलेला, साडी सावरत पाय टाकता येईल इतका. गादी जुन्या गोधडीची.

"मिस्त्री, पंख खरंच एवढे नाजूक आहेत?"

"पंख आबाला खुर्चीसकट उचलतील," ते हळूच म्हणाले. "सीट शमीमची हाय."

शमीमभाभी म्हणजे त्यांची बायको. रोज तलाव ओलांडून पलीकडच्या मळ्यातल्या विहिरीवरून पाणी आणायची.

"डोक्यावर घागर असली की मान वर करता येत न्हाई. माझं एकबी विमान तिनं उडताना बघितलं न्हाई."

"मग येते म्हणाली?"

"विचारलंच न्हाई. नको म्हनली तर?"

एवढं विमान करणारा माणूस एवढ्याशा प्रश्नाला घाबरून बसला होता.

उड्डाणाच्या दिवशी त्यांनी ग्लायडर बरोबर तिच्या वाटेवर आणून उभं केलं. सारा गाव जमलेला. भाभी रिकाम्या घागरी घेऊन आली आणि थांबली.  मिस्त्री नुसते त्या खालच्या काठावर हात ठेवून उभे.

तिनं काठ बघितला. गोधडी ओळखली. मग म्हणाली, "घागरी कोन बघनार?"

"मी बघतो, वहिनी," आबासाहेब म्हणाले.

"अन् वजन?" मी मिस्त्रींच्या कानाशी लागलो.

"माहीत हाय."

मिस्त्री पुढे बसले, भाभी मागे. जीप धावली, दोरी ताणली, सुटली. ग्लायडर तलावावर गेलं, घारींमध्ये मिसळलं, मळ्यावरून वळलं. खाली आबासाहेब दोन्ही घागरींवर हात ठेवून आभाळाकडे बघत होते.

उतरल्यावर सगळे धावले. भाभी पदर सावरत पलीकडच्या मळ्याकडे बघत राहिली, आणि एकदम मोठ्यानं म्हणाली,

"वरून बघितलं तर विहीर हितंच हाय की, मग मी रोज एवढी दमते कावून?"