देवीदासभाऊंचा डावा गाल

देवीदासभाऊंचा चेहरा मी कधी एका रंगाचा पाहिला नाही. मलम, माती, साय, पावडर, जे काय त्या दिवशी असेल ते नाकाच्या शेंड्यापासून डाव्या कानापर्यंत फासलेलं असायचं. उजवा गाल मात्र आईबापानं दिला तसा, काळा आणि कोरडा ठणठणीत. या अवतारात ते रोज सकाळी दारव्ह्याच्या कापसाच्या यार्डात काट्यापाशी येऊन उभे राहायचे. ते मापारी आणि मी कारकून. ते तोलायचे, मी लिहायचो, आणि माझं टेबल त्यांच्या डाव्या हाताला होतं. म्हणजे तो देखावा आठ तास माझ्याच वाट्याला.

"अर्धाच काहून, देवीदासभाऊ?" मी नवा असताना विचारलं होतं.

"दुसरा अर्धा कोरा ठेवा लागते. नाई तं फरक कसा समजन?" ते म्हणाले आणि मापं उचलायला वळले. मला वाटलं, चला, यार्डात एक शास्त्रज्ञ आहे.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "कातडीलेबी पंचांग असते." आणि ते पंचांग ते इमानेइतबारे पाळायचे. मृग लागला की गालाला कडुनिंबाचा उकळलेला पाला, वर हळद. दिवाळी झाली की ग्लिसरीन आणि लिंबू, नाहीतर तिळाचं तेल. होळीच्या सुमाराला पळसाची फुलं भिजवलेलं पाणी, त्यानं गाल केशरी व्हायचा आणि ते मिरवणुकीतून अर्ध्यात पळून आल्यासारखे दिसायचे. मग रस्त्याचं डांबर पाघळायला लागलं की मुलतानी माती. ती दुपारपर्यंत वाळून तडकायची आणि बोलताना तिचे पापुद्रे माझ्या पावत्यांवर पडायचे.

खरी मजा हिवाळ्यात. तेव्हाच कापूस जोरात यायचा आणि तेव्हाच गालाला ग्लिसरीन असायचं. यार्डात रुईचे तंतू हवेत उडत असतात, ते अचूक याच गालावर उतरायचे. चार वाजेपर्यंत डाव्या बाजूला पांढरीशुभ्र दाढी तयार. गाड्या घेऊन दोन-दोन दिवस रांगेत थंडीत बसलेल्या लोकांना तेवढीच करमणूक होती.

"मापारीभाऊ, अर्धेच म्हातारे झाले का बा?"

"बाकीचा अर्धा तुह्या गाडीचा नंबर येईपर्यंत होतो," देवीदासभाऊ म्हणायचे आणि काट्याची सुई न्याहाळायचे.

वर्षं कशी होती ते वेगळं सांगायला नको. कापसाला भाव नाही, बोंडात अळी, पाऊस आला तर नको तेव्हा. पुढारी मात्र नेमानं यायचे. गावोगाव सांत्वन करायचे, गाडीची काच चार बोटं खाली घ्यायचे, धूळ आत आली की वर करायचे. त्यांची कातडीही ऋतुमानानुसार बदलायची. निवडणुकीत ती इतकी पातळ व्हायची की हात लावला तरी डोळ्यांत पाणी, आणि निकालानंतर पुन्हा गेंड्याची. या सगळ्यात आमचा मापारी गालाला साय लावून उभा. कळंबच्या चतुर्थीला लोक गणपतीला पाऊसपाणी मागायचे. हे तिथल्या जडीबुटीवाल्याकडून मलमाच्या तीन डब्या घेऊन यायचे.

मला त्यांचा खरा राग वेगळ्याच गोष्टीचा होता. घरात त्यांची थोरली बहीण होती, सरूबाई. चार वर्षांपूर्वी लकवा मारला, डावं अंग गेलं, वाचा गेली. तेव्हापासून खाटेवर. देवीदासभाऊंनी लग्न केलेलं नव्हतं; घरात ही दोघंच. यार्डाबाहेरच्या चहावाल्याला सगळ्या गावाची खबर असायची. तो म्हणायचा, "डाक्टरनं सांगतलं, पडून पडून बाईची कातडी फुटली तं ते भरत नाई, मंग बाई वाचत नाई. अन् हा पाहा, आरशासमोरून हटत नाई." मी मान हलवायचो. मान हलवण्यात मी पटाईत होतो. ती चार वर्षं मी त्या घराकडे एकदाही फिरकलो नव्हतो, हे मात्र मला तेव्हा खटकलं नाही.

एका पौषातली गोष्ट. थंडी अशी की काट्याच्या लोखंडाला हात लावावासा वाटेना. देवीदासभाऊ जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ आले. "टाच उलली तं काय लावा लागते?"

मी डबा खात होतो. म्हटलं, घ्या, आता गाल संपले, टाचा सुरू. "बिब्बा," मी म्हणालो. "गरम करा अन् तेल सोडा भेगंत. दुसरं काय?"

यात चूक काही नव्हती. आमच्याकडे शेतात राबणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात. घट्टे पडलेल्या टाचेला बिब्बा मानवतो. नाजूक कातडीला लागला तर मात्र उततो, फोड येतात, अंग सुजतं. हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं, म्हणून मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी देवीदासभाऊ आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. बदली मापाऱ्याला काटा जमेना, रांग हलेना, लोक चिडले. शेवटी साहेबांनी मला त्यांच्या घरी पिटाळलं.

दार उघडंच होतं. देवीदासभाऊ पाठमोरे होते, खाटेवरच्या सरूबाईंना कुशीवर वळवत होते. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, ओढाताण नाही, घाई नाही. मग त्यांनी तोंड फिरवलं. डावा गाल भोपळ्यासारखा सुजलेला, वर पाणी भरलेले फोड, डावा डोळा बंद.

"अहो, बिब्बा टाचेले सांगतला होता!" मी ओरडलोच. "गालाले कोन लावते?"

"माह्या टाचेले कुठी समजते, बापू?" ते म्हणाले. ओठ सुजल्यामुळं शब्द अर्धेच बाहेर पडत होते. "तिचा दगड झाला. बाईची टाच पाह्य. चार वर्षं जमिनीले लागली नाई. लेकरावानी झाली."

मी पाहिलं. मऊ, गुलाबी टाच, आणि गादीवर घासून पडलेली बोटभर भेग. खाली उशी, उशीवर धुतलेलं मऊ लुगडं. खिडकीत डब्यांची रांग होती. सगळ्या माझ्या ओळखीच्या. त्यांतली प्रत्येक मी त्या गालावर पाहिली होती.

"पयले माह्या गालाले लावतो. दिवसभर ठेवतो, उन्हात, घामात. संध्याकाळपर्यंत काई झालं नाई तं मंग तिले," देवीदासभाऊ सांगत होते. "तिले बोलता येत नाई. आग झाली तं सांगन कोन?"

मग टाचेखालची उशी सारखी करत म्हणाले, "मायबाप गेले तवा मी पाच वर्षांचा. हिनं लोकाच्या वावरात कापूस येचून मले मॅट्रिक केलं. बोंडाचे काटे लागून बोटं फुटलेली रायत. तवा कोनं लावलं तिले काई?"

सरूबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांचा चालणारा उजवा हात गोधडीवर होता, बोटांच्या टोकांवर वेचणीचे जुने पांढरे ओरखडे. मला एकच दिसत होतं, माझा बिब्बा त्या टाचेवर, आणि ही बाई ओरडू न शकता पडलेली. डबा खाता खाता मी सल्ला दिला होता. कोणाची टाच, हे विचारायला घासभर वेळही मी खर्च केला नव्हता. मला माझी लाज वाटली. पुढचे चार दिवस मी रोज नारळ फोडून दूध घेऊन गेलो, फोडांवर लावायला. देवीदासभाऊंनी ते आधी स्वतःला लावलं. या वेळी त्यांना दुसरा इलाजच नव्हता.

गालाचे फोड बसले, पण डाग राहिला आणि खालची नवी कातडी भलतीच हळवी झाली. काहीही लावलं तरी झोंबायचं. पंचांग तर थांबत नाही. चैत्र आला, सरूबाईंच्या पाठीवर घामोळ्या उठल्या, आणि खिडकीत नवी पावडर येऊन पडली. तपासायला गाल नाही.

दुसऱ्या दिवशी मी नाकाच्या शेंड्यापासून डाव्या कानापर्यंत पावडर फासून यार्डात गेलो. घरून निघताना बायकोनं नुसतं पाहिलं. चहावाल्यानं पेला भरायचा सोडून पाहिलं. कापसाची आवक संपत आली होती, तरी उरलेसुरले लोक गाडीवरून उतरून बघायला आले.

"साथ आली का बा यार्डात?"

"कातडीलेबी पंचांग असते," मी म्हणालो आणि पावती फाडली.

संध्याकाळी तसाच सरूबाईंपुढे जाऊन उभा राहिलो. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग भावाकडे, आणि त्या हसल्या. तोंडाची उजवीच बाजू वर गेली, डावी जागची हलली नाही. देवीदासभाऊंनी माझ्या गालावरून बोट फिरवलं, उजेडात नेऊन पाहिलं, आग होते का म्हणून तीनदा विचारलं. मगच त्यांनी डबी उघडली.