अनवरीखालांच्या बांगडीचं माप

जळगावात बांगड्यांची दुकानं ढीगभर असतील, पण बांगड्यांचं अ‍ॅप फक्त आमचं! म्हणजे माझं, हसनैनचं. अब्बा म्हणायचे, बांगडी हात धरून भरायची असते. मी म्हटलं, जमाना बदलला, अब्बा. जुनी बांगडी मोबाइलच्या स्क्रीनवर ठेवायची, तिथल्या वर्तुळांपैकी जे बरोबर जुळेल, त्यावरचा आकडा तुमचं माप. घरबसल्या ऑर्डर!

वरणगावच्या रूहीशी माझं लग्न ठरलं. होणाऱ्या सासूबाईंवर, अनवरीखालांवर, छाप पाडायला मी त्यांना नवाकोरा फोन दिला. हा थोरला, पोळपाटाएवढा! त्यावर अ‍ॅप उघडलं, तर सगळी वर्तुळं एका कोपऱ्यात आणि बाकी स्क्रीन रिकामी. खाला म्हणाल्या, दुकान एवढं मोठं आणि माल एवढाच? झोंबलं हो मला! लगेच अ‍ॅप अपडेट केलं आणि वर्तुळं ताणून अख्खी स्क्रीन भरून टाकली. काय फक्कड दिसायला लागलं!

खालांनी आपली अडीचची बांगडी ठेवून पाहिली. अ‍ॅप म्हणालं, सव्वादोन. खाला हरखल्या. आपण बारीक झालो, असं गल्लीभर सांगून आल्या. मग लग्नाच्या बांगड्या मागवल्या, स्वतःच्या आणि रूहीच्याही, अ‍ॅपनं दाखवलेल्या मापाच्या.

काही दिवसांनी त्यांच्याकडे गेलो. होणाऱ्या जावयाला बिर्याणी असणारच, म्हणून पोट रिकामं ठेवलेलं. समोर आला कारल्याचा रस! घरात तूप बंद, मटण बंद, मायलेकी रोज फाट्यापर्यंत चालायला. नव्या बांगड्या हातात चढेनात, म्हणजे आनंदाच्या भरात आपण पुन्हा सुटलो, असं खालांनी ठरवलं होतं. त्या हातात जाईपर्यंत निकाह लांबणीवर! माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

"जुन्या बांगड्या मात्र अजून आरामात जातात," रूही माझ्याकडे बघत सावकाश म्हणाली.

मी घाईनं रसाचा एक घोट घेतला. तिची नजर काही हटेना. शेवटी सगळं सांगून टाकलं. स्क्रीन भरायला वर्तुळं मोठी केली, पण त्यांच्यावरचे आकडे तेच राहिले, म्हणून अडीचची बांगडी सव्वादोनच्या वर्तुळावर जुळली.

"म्हणजे मी बारीक झालेच नव्हते?" खालांनी विचारलं.

"नाही, खाला. जाडही झाला नव्हतात."

खाला उठून आत गेल्या. संपलं, मोडलं लग्न, मी मनात म्हटलं. बाहेर आल्या त्या कारल्यांची टोपली घेऊन.

"तारीख ठरली तीच राहील. पण ही सगळी कारली आता नवरदेवानं संपवायची."

मी एका दमात पेला रिकामा केला. लग्न वाचलं होतं, आता कडू काय लागणार! तेवढ्यात रूहीनं गालात हसत पेला पुन्हा काठोकाठ भरला.