खिसा नसलेल्या अस्वलाचा चाकू

एका जंगलात एक अस्वल राहत होतं. ते अस्वल म्हणजे मीच. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढे तुम्ही त्याला हसाल, आणि मलाही तुमच्याबरोबर खोटं खोटं हसावं लागेल.

तर बाळांनो, माझं नाव डोमाजी. बायकोचं नाव रेवा. आम्हा अस्वलांच्या पुढच्या पंजांना बोटभर लांब नखं असतात. कोयत्यासारखी वाकलेली. त्यांनी वारूळ फोडायचं आणि आतली वाळवी सुर्रकन ओढायची. त्यांनीच झाडावर चढायचं, मधाचं पोळं काढायचं, पाठ खाजवायची. ही नखं मला जन्मतःच मिळाली होती, म्हणून मला त्यांचं काडीचं कौतुक नव्हतं.

एके दिवशी आमच्या गुहेपाशी परिमळराव आले. परिमळराव म्हणजे उदमांजर. ते शहराच्या बाजूला जाऊन-येऊन असत, आणि तिकडच्या वस्तू इकडे आणून विकत. उदमांजर म्हटलं की अंगाला वास आलाच. पण ते असे चालत, की तो वास महागड्या अत्तराचा आहे असं समोरच्याला वाटावं.

त्यांनी एक काळी डबी काढली. डबीत मखमल. मखमलीवर चाकू. मिटलेला.

"डोमाजीराव, हात स्वच्छ आहेत ना?" त्यांनी विचारलं.

मी पंजे पोटाला पुसले. आजवर मला 'राव' कोणी म्हटलं नव्हतं.

"हे पोलाद पुन्हा पुन्हा दुमडून ठोकलेलं आहे. पात्यावर पाण्याच्या लाटा दिसतायत बघा."

मी पाहिलं. दिसल्या. खरं तर मला जवळचं नीट दिसत नाही, पण लाटा दिसल्या.

"मूठ सांबराच्या शिंगाची. गळून पडलेल्या शिंगाची हं, सांबराला काही त्रास नाही."

"सांबराला विचारलंय का?" मागून रेवा म्हणाली.

परिमळरावांनी तिकडे लक्ष दिलं नाही. "अंगठ्याने हे बटण दाबायचं. खट्! पातं बाहेर. आणि हा आतला खटका. एकदा पातं उघडलं की तुम्ही मिटल्याशिवाय मिटणार नाही. बोट कापायची भीती नाही. वजन असं तोललंय, की एका बोटावर ठेवलात तरी पडणार नाही."

"पण यानं कापायचं काय?" रेवाने विचारलं.

परिमळराव जरा दुखावले. "वहिनी, असा चाकू कापण्यासाठी नसतो. जवळ असण्यासाठी असतो."

हे वाक्य मला फारच आवडलं. रेवा पाणी आणायला ओढ्यावर गेली, तेवढ्यात मी चाकू घेऊन टाकला. त्याबदल्यात काय दिलं ते विचारू नका. ते मी रेवालाही अजून सांगितलेलं नाही.

परिमळराव गेल्यावर पहिली अडचण लक्षात आली. चाकू खिशात ठेवायचा होता. मुठीला खिशात अडकवायची सुंदर पितळी क्लिपही होती. आणि अस्वलाला खिसा नसतो.

मग मी सुगरणीकडे गेलो. तिने चार दिवस खपून मला गवताची बंडी विणून दिली. बंडीला एकच खिसा होता. वैशाखाचं ऊन, अंगावर वीतभर केस, आणि वर बंडी. मी घामाने निथळत जंगलभर फिरायचो. कोणी भेटलं की खिशाची बाजू पुढे करायचो.

दुसरी अडचण नखांची. नखं इतकी लांब, की अंगठा बटणापर्यंत पोचेच ना. शिवाय शिंगाच्या मुठीवर ओरखडे उठायला लागले. मी डबी पुन्हा उघडली, तर मखमलीखाली एक छोटी कानस निघाली. मला वाटलं, पात्याला धार लावायला असेल. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं : 'ही चाकूसाठी नाही. आपल्यासाठी आहे.'

मी दोन दिवस बसून नखं घासली. पार मुळापर्यंत.

रेवाने माझे पंजे हातात घेऊन उलटसुलट पाहिले. "अहो, हे काय केलंत? आता वारूळ कशानं फोडणार?"

"चाकूनं," मी म्हणालो.

बाळांनो, मी खरंच गेलो. वारुळापुढे बसलो. खट् करून पातं उघडलं. वारुळाची माती उन्हात भाजून विटेसारखी झाली होती. माझ्या मनात आलं, धार गेली तर? टोक मोडलं तर? त्या लाटांवर चरे पडले तर? मी पातं बंडीला पुसलं, मिटलं आणि घरी आलो.

त्या दिवसापासून वारुळं रेवा फोडायला लागली. तिची आणि माझी, दोघांचीही.

मी मात्र रोज सकाळी पाणवठ्यावर बसायचो. भोवती रानडुकरं, साळिंदरं, माकडं जमायची. मी पोलादाबद्दल बोलायचो. तोलाबद्दल बोलायचो. चाकू उघडायचो, मिटायचो. खट्, खट्. सगळे माना डोलवायचे. पोटात कावळे कोकलत असायचे, पण इज्जत वाढत होती.

आता पारूबाईंची गोष्ट.

पारूबाई म्हणजे भेकर. अंगाने लहानशी, तांबूस, वयाने बरीच म्हातारी. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं हे तुम्हाला ठाऊक असेल. बिबट्या उठला की पहिल्यांदा पारूबाईंना कळायचं. त्या भुंकायच्या आणि सगळं जंगल झाडांवर, बिळांत, करवंदीच्या जाळ्यांत शिरायचं. आमच्या जंगलात असा एकही जीव नव्हता, जो पारूबाईंमुळे एकदा तरी वाचला नव्हता.

एके सकाळी त्या फाशात अडकल्या.

माणसांनी पायवाटेवर नायलॉनच्या दोरीचा फास लावला होता. दुसरं टोक जमिनीत खोल ठोकलेल्या खुंटीला बांधलेलं. पारूबाईंचा मागचा पाय त्यात गेला. ओढतील तसा फास घट्ट होत होता. पायातून रक्त येत होतं. आणि त्यांना भुंकताही येत नव्हतं, कारण भुंकल्या असत्या तर फासेवालाच लवकर आला असता. तो ऊन वर आलं की फेरी मारायचा.

माकडांनी पाहिलं आणि आरडाओरडा केला, "डोमाजीरावांना बोलवा! त्यांच्याकडे चाकू आहे!"

मी धावलो. बंडी सावरत धावलो. सगळ्या प्राण्यांनी वाट करून दिली. खरं सांगतो, त्या क्षणी पारूबाईंच्या पायाआधी मला सगळ्यांच्या नजरा दिसल्या.

पारूबाई हळूच म्हणाल्या, "भाऊ, आलात? बरं झालं. कापा लवकर."

मी चाकू काढला. वाकून दोरी पाहिली. तिच्या पिळापिळात वाळू भरली होती.

वाळूने धार जाते. डबीतल्या चिठ्ठीत हेही स्पष्ट लिहिलं होतं.

"जरा थांबा," मी म्हणालो. "कोणीतरी ओढ्यावरून पाणी आणा. दोरी आधी धुवून घेऊ."

पारूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आपण ऐकलं ते खरंच का, अशा नजरेने पाहिलं.

इतक्यात पलीकडे पाचोळा वाजला. माणसाच्या पावलांचा आवाज. झाडून सगळे प्राणी करवंदीच्या जाळीमागे पळाले. मी पळालो नाही. शूर होतो म्हणून नाही. घाबरून बोटं आखडली होती आणि अंगठ्याला बटण सापडत नव्हतं.

तेव्हा रेवा आली. कुठल्याशा वारुळावरून उठून ती तशीच आली होती. तिने दोरीकडे पाहिलंच नाही. सरळ खुंटीपाशी गेली आणि जमीन उकरायला लागली. दोन्ही पंजांनी. माती, मुळं, दगड. एक नख मुळाशी तुटलं, तरी ती थांबली नाही.

"तुम्ही तिकडून उकरा," ती मला म्हणाली.

मी उकरायला गेलो. माझे पंजे जमिनीवरून नुसते घसरले. झाडूने अंगण झाडावं तसे.

रेवाने खुंटी दातांत धरली आणि मान झटकून बाहेर काढली. मग पारूबाईंच्या पायाशी बसली, फासाच्या गाठीत एक नख घातलं, आणि ती हळूच सैल केली. पारूबाई उठल्या, पडल्या, परत उठल्या आणि लंगडत झाडीत शिरल्या. रेवा त्यांच्यामागून गेली.

आणि नेमका त्याच क्षणी माझ्या अंगठ्याला बटण सापडलं. खट्! पातं उघडलं. उन्हात लखलखलं.

जाळीमागे डोळे मिटून बसलेल्या प्राण्यांनी तो आवाज ऐकला आणि डोळे उघडले. ते लखलखणं पाहिलं. मग त्यांना दिसलं, की पारूबाई सुटल्या आहेत आणि डोमाजीराव एकटेच चाकू परजत उभे आहेत. पावलांचा आवाज मागे फिरला. नंतर कळलं, ती सरपण वेचणारी एक बाई होती. अस्वल पाहून पळाली.

"डोमाजीरावांनी एका घावात फास तोडला!" माकडं ओरडली.

मी चाकू मिटला. तोंडही मिटलं.

आठ दिवसांनी माझा सत्कार ठरला. अध्यक्ष दादासाहेब गवे. ते गवाच आहेत, आणि सगळ्याच सभांचे अध्यक्ष असतात. मला पळसाच्या पानांची शाल पांघरली. नारळ दिला. रेवा शेवटच्या ओळीत बसली होती. तुटलेल्या नखावर तिने कसलासा पाला बांधला होता.

मग दादासाहेबांनी पारूबाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं.

पारूबाई लंगडत पुढे आल्या. घसा खाकरला. म्हणाल्या, "मला भाषण येत नाही. भुंकता येतं. मला ज्यांनी सोडवलं, त्यांच्या नखांत अजून माती आहे. बघा तुम्हीच."

सगळ्यांनी माझ्या पंजांकडे पाहिलं. माझी नखं गुळगुळीत, स्वच्छ, चकचकीत.

मला वाटलं, संपलं सगळं. आणि खरं सांगू? क्षणभर बरंही वाटलं.

दादासाहेब गव्यांनी मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले होते. "पाहिलंत?" ते गहिवरून म्हणाले. "केवढा हा विनय! केलेल्या उपकाराची खूण राहू नये म्हणून डोमाजीरावांनी नखंसुद्धा घासून टाकली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पारूबाईंनी एकदा दादासाहेबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि रेवाशेजारी जाऊन बसल्या.

बाळांनो, तेव्हा मी उभं राहून खरं सांगायला हवं होतं. मी उभा राहिलो. बोललोही, चांगलं अर्धा तास. चाकूच्या खटक्याविषयी बोललो.

त्यानंतर परिमळरावांचे चाकू हातोहात खपले. आज आमच्या जंगलात रानडुकरांनी सुळे घासून घेतलेत. साळिंदरांनी काटे छाटलेत, कारण बंडी घालताना ते टोचतात. पाणवठ्यावर दिवसभर खट्, खट् चालू असतं.

दुपारी मात्र सगळे भुकेले होऊन आमच्या वारुळाशी येतात. रेवा उकरत असते. ती कोणाला हाकलत नाही. पारूबाई सावलीत बसून कान टवकारून राखण करतात. मी रेवाच्या शेजारी चाकू उघडून उभा राहतो. मदत म्हणून.

"अहो," ती मान वर न करता म्हणते, "जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय."

तात्पर्य : संकटातून सोडवणाऱ्याच्या हाताला माती लागलेली असते. म्हणून सत्काराला नेहमी दुसऱ्यालाच बोलवावं. शाल खराब होत नाही.