चोवीस तास चालू

ऑफिसात त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. सगळे त्यांना जपूनराव म्हणत. कुणाला नुसता स्टेपलर दिला तरी ते बजावायचे, "जपून हं!" अशा माणसाने घरासाठी नवं इंटरनेट निवडायचं म्हणजे मांजराने कुत्रा पाळायला काढण्यासारखं होतं.

पण इलाज नव्हता. जुनं इंटरनेट टेलिफोनच्याच तारेवर चालायचं. लेक कॉम्प्युटरवर बसली की किर्रर्र-खर्रर्र करून फोन अडकायचा आणि मावशीला, म्हणजे जपूनरावांच्या मेव्हणीला, दुपारभर एंगेज लागायचा. शेवटी एकदा ती धापा टाकत दारातच उभी राहिली. "अगं ताई, जिवंत आहात ना सगळे?"

त्याच संध्याकाळी बायकोने हुकूम काढला. "कुठलंही घ्या, पण नवं घ्या."

जपूनरावांनी ऑफिसात सल्ला विचारला. (इथेच चुकलं.) केबलचं नाव काढताच टायपिस्ट म्हणाली, "वीज पडली तर तारेतून सरळ घरात!" बिनतारी म्हणताच शिपाई म्हणाला, "लहरी डोक्यातून आरपार जातात, साहेब." उरलं टेलिफोन कंपनीचं, फोन न अडवणारं ब्रॉडबँड. कॅशियरने चष्मा पुसला.

"चांगलंय. फक्त ते चोवीस तास चालू असतं."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही जगाकडे बघता, तसं जगही तुमच्याकडे बघतं."

जपूनरावांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. पण विजेपेक्षा जग परवडलं, म्हणून तेच घेतलं.

सुट्टीच्या दिवशी मायलेकी बाजारात गेल्या आणि जपूनराव मोडेमच्या त्या नव्या डब्यासमोर एकटे उरले. डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. कॉम्प्युटरवर तर कुणी बसलंही नव्हतं. मग हा डोळे कुणाला मिचकावतोय? त्यांनी डब्यावर टॉवेल टाकला. तेवढ्यात खोलीत कुणीतरी खाकरलं आणि घोगऱ्या आवाजात विचारलं,

"कोण आहे का घरात?"

 जपूनराव टेबलाखाली शिरले. (म्हणजे डोकं शिरलं, बाकीचा देह बाहेरच राहिला.)

"अहो, टेबलाखाली काय करताय?"

बघतोय! चोर चक्क बघतोय! जपूनरावांनी तिथूनच थरथरते हात जोडले. "घरात काही नाही हो! कपाटाची किल्ली बायकोकडे असते!"

"कुठाय ती?"

"बाजारात! घेऊन जा तिला... म्हणजे किल्ली! किल्ली घेऊन जा!"

"अहो भावोजी, मी बोलतेय!"

जपूनरावांनी मान बाहेर काढली. पडद्यावर सर्दीने घसा बसलेली मेव्हणी होती, तिच्या मागे तिचा नवरा, सासू-सासरे, आणि सगळे पोट धरून हसत होते. लेकीने जाताना कॉम्प्युटर चालूच ठेवला होता, त्यावर कॅमेरा लावला होता आणि मावशीचा कॉल आपोआप उचलला जाईल अशी सोयही केली होती. बटण दाबायला सांगितलं की बाबा घाबरतात म्हणून.

"मी... वायर तपासत होतो," जपूनराव घाम पुसत म्हणाले.

"हो का?" मेव्हणीने डोळे टिपले. "पण ब्रॉडबँड घेतलंत ते बरं केलंत हो. जुन्यावर चित्र अडखळत आलं असतं. आज तुमचे हात बघा, कसे सलग थरथरताना दिसताहेत!"