नवनगर प्रकल्पक्षेत्रात येत नाही

मानवसेवेची थोरवी सेवकाच्या घरापासूनच्या अंतरावरून ठरते, हे आता मान्य करायला हरकत नाही. गल्लीतली सेवा म्हणजे शेजारधर्म, गावातली म्हणजे नसती उठाठेव, आणि सहा हजार किलोमीटरवरची म्हणजे मिशन. मी सहा हजारवाला आहे. गेली अकरा वर्षं मी झांबियातल्या खेड्यांत बंद पडलेले हातपंप दुरुस्त करतो आणि दर दोन वर्षांनी हुबळीला येऊन आमच्या आश्रयदात्यांना त्याबद्दल सांगतो. (दुसरं काम मला जास्त चांगलं जमतं.)

यंदाच्या एकोणचाळीस दिवसांत मी छत्तीस घरी जेवलो, एकवीस भाषणं केली आणि सहा किलोंनी वाढलो. तिकडे खाण्यापिण्याचे फार हाल होतात, हे सांगताना विद्यानगरच्या सभेत माझ्या शर्टाचं बटण तुटून पहिल्या रांगेत गेलं. ते मला अत्यंत आदरानं परत करण्यात आलं.

परतण्याच्या आदल्या दिवशी नवनगरच्या हॉलमध्ये निरोपसमारंभ झाला. आमच्या आश्रयदाता समितीचे अध्यक्ष पद्मनाभशेठ, हुबळीच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान आहे, त्यांनी मला साठ वॉशर अर्पण केले. पंपाच्या पोटातला हा चामड्याचा वॉशर झिजला, की दांडा कितीही मारा, पाणी चढत नाही. तो कसा बदलायचा हे मी अकरा स्लाइडींत दाखवलं आणि म्हणालो, "एवढ्याशा वस्तूपायी तिथल्या बाया लांबून पाणी वाहतात." हॉल गहिवरला. मग चहा झाला.

चहाचे कप धुणाऱ्या अनुसयाअक्कांनी मला मागच्या दारी गाठलं.

"अण्णा, तुमचं हे भाषण मी तिसऱ्यांदा ऐकलं बघा. चांगलं सांगताय."

मी नम्रपणे मान लववली.

"हॉलसमोरचा पंप बी तसाच बंद हाय. चार वर्सं झाली. दोन गल्ल्या पलीकडनं घागर आणते मी. तुमच्या चहाला बी तेच पाणी. त्यातला एक वॉशर द्या की."

मी त्यांना कार्यपद्धती समजावली. नवनगर प्रकल्पक्षेत्रात येत नाही. वॉशर झांबियाच्या नावानं अर्पण झालेले आहेत. एक जरी इकडे वळला, तर तिकडे कुणीतरी तहानलेलं राहील. (मागच्या खेपेचे बावीस अजून माझ्या तिकडच्या कपाटात आहेत.) तरीही त्यांनी अर्ज केल्यास पुढच्या भेटीत विचार होईल.

"म्हंजे दोन वर्सांनी."

"साधारण."

त्या रागावल्या नाहीत. वळून कप विसळू लागल्या, एकेक कप ओंजळभर पाण्यात. ते बघून मला लाज वाटली. खरोखरीची, भाषणातली नव्हे. मी एक वॉशर आणि माझा पाना त्यांच्या हातात ठेवला आणि कुणाला सांगू नका म्हणालो.

दुसऱ्या दिवशी अनुसयाअक्कांनी रिक्षा स्टँडवरच्या दोघांना धरून आणलं आणि पंप उघडला. स्लाइडींचा क्रम त्यांना पाठ होता. दुपारपर्यंत पाणी आलं. मी विमानतळावर असताना त्यांनी फोटो पाठवला: पंप, त्या स्वतः, भरलेली घागर, मागे रिक्षा.

तो मी लगेच पद्मनाभशेठना पाठवला आणि खाली लिहिलं, 'नवनगर, आपल्या हॉलसमोर'. उत्तरादाखल एक अंगठा आला.

झांबियात पोचल्यावर मी फोटोतली रिक्षा कापली, साडी कापली. उरले दोन हात, घागर आणि पाणी. खाली लिहिलं, 'झांबिया', आणि पुन्हा शेठजींना पाठवला. दहा मिनिटांत त्यांचा फोन आला. "सुमंतअण्णा, डोळ्यांत पाणी आलं बघा. तुम्ही तिथं आहात म्हणून त्या बायकांचे हाल थांबले."

फोटो मोठा करून हॉलमध्ये लावला आहे, खिडकीशेजारी. त्या खिडकीतून पंप दिसतो. काचेवरची धूळ रोज अनुसयाअक्काच पुसतात. त्यांचा निरोप आला, "अण्णा, हात बरे आलेत माझे." बाकी त्या कुणाला काही बोललेल्या नाहीत.

मिशनला नवे आश्रयदाते हवे आहेत. पात्रता एकच. आपल्या गल्लीतला पंप चालू आहे की बंद, हे जागेवरून न उठता सांगता येत नसेल, तर आपली निवड झालेली आहे, असं समजावं.