टिपणिसांची घरची मेथी

पोटात शिरणारा प्रत्येक रोग परक्याच्या हातून येतो, हे परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. केंद्र सरकारचे अधिकारी जयप्रकाश टिपणीस बदलीवर कोलकात्याला आले, सॉल्ट लेकमध्ये तळमजल्यावरचं सरकारी घर मिळालं, आणि पहिल्याच संध्याकाळी त्यांनी कौटुंबिक धोरण जाहीर केलं: फुचका, म्हणजे तिथली पाणीपुरी, बंद, रस्त्यावरचं सरबत बंद, शेजाऱ्यांचा मासा आदरपूर्वक परत. (मिष्टी दही वगळण्यात आलं. अपवादाशिवाय धोरण टिकत नाही.)

घरामागे त्यांनी मेथीचा वाफा केला. कच्च्या मेथीचा घोळाणा बंगाल्यांना ठाऊक नाही, याचा त्यांना सात्त्विक आनंद होता. माती ते स्वतःच्या हाताने कालवत. वाफ्यात एका गावठी कुत्रीने पिल्लं घातली, तेव्हा त्यांनी तिला राखणदार नेमलं. (वेतन: रोज एक पोळी. कार्यक्षेत्र: संपूर्ण वाफा. स्वच्छतागृह: तेच.)

विकतची मेथी धुवावी, घरची झटकावी, असं त्यांचं मत होतं. रविवारी ते मराठी मंडळातल्या घरोघरी जुड्या पोचवत. "बाजारची नाही हं, आपली आहे," एवढं म्हटलं की जुडी निर्जंतुक होत असे.

मग टिपणिसांना खोकला लागला, ताप येऊ लागला, उजव्या बरगडीखाली दुखू लागलं. घरात चौकशी बसली. कॉलेजात जाणाऱ्या सानिकाने चोरून फुचका खाल्ल्याचं कबूल केलं आणि प्रकरण निकाली निघालं. लेक ठणठणीत होती आणि आजारी पडला होता तो बाप, एवढीच काय ती तांत्रिक अडचण.

रक्ताचा अहवाल पाहून डॉ. सान्याल म्हणाले, "फुचका नहीं, दादा. माटी. कुत्ते का कीड़ा है."

हा गोलकृमी मूळचा कुत्र्याचा. अंडी मातीतून कच्च्या पाल्यावर, तिथून माणसाच्या पोटात. अळी आतड्यातून निघते, यकृतात जाते, फुप्फुसात जाते, कधी डोळ्यातही. पण माणसाच्या अंगात ती मोठी होत नाही. चुकीच्या जागी आल्यामुळे ना तिथली होते, ना परत जाऊ शकते. केंद्रीय कर्मचारी या नात्याने टिपणिसांना तिच्याबद्दल क्षणभर जिव्हाळा वाटला.

"गोलियों से ठीक हो जाएँगे. और किसने खाया?" डॉक्टरांनी विचारलं.

टिपणीस बोटांवर घरं मोजू लागले. मंडळातल्या दत्तात्रय धारपांची चिमुरडी नात घोळाण्यावर तुटून पडायची, आणि टिपणिसांनीच तिला "खरी मराठी मुलगी" अशी शाबासकी दिली होती. तिच्या डोळ्यांबद्दल त्यांना भीती वाटली. शरमही वाटली. भीतीपेक्षा शरम जास्त वाटतेय, याची आणखी शरम वाटली.

"अहो, सांगून टाका," त्यांच्या पत्नी सुनंदाबाई म्हणाल्या. "अब्रू काय, पुढच्या बदलीत नवी मिळेल."

मंडळाच्या सभेत टिपणिसांनी उभं राहून सगळं सांगितलं. अध्यक्ष प्रभाकर वर्तकांनी डोळे पुसले. "बघा, केवढं मन! लेकीचा फुचका बापाने आपल्या मेथीवर घेतला!" टाळ्या पडल्या. फुचक्याच्या निषेधाचा ठराव एकमताने संमत झाला. धारपांनी तर पुढच्या रविवारच्या दोन जुड्या सांगून ठेवल्या. "तुमची भाजी खाल्ली म्हणून पोरीचं रक्त तपासायचं? तुमचा अपमान करायचा का आम्ही?"

टिपणीस हात जोडून थकले. शेवटी त्यांनी धारपांना बाजूला घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा धडधडीत खोटं बोलले: "नातीला परवा कुणीतरी फुचका भरवत होतं. मी पाहिलं."

धारप त्याच पावली नातीला घेऊन डॉक्टरांकडे धावले. बातमी फुटली आणि पाठोपाठ फुचक्याच्या धास्तीने सगळं मंडळ तपासून घ्यायला आलं. नातीच्या रक्तात दोष निघाला, डोळे सुखरूप निघाले, औषध वेळेवर सुरू झालं. त्या रात्री टिपणिसांनी वाफा उपटला. मंडळाच्या मते तो दुःखाने उपटला.

आपले वाचक सुज्ञ आहेत. ते असं कधी करणार नाहीत. भाजी ते धुतातच. फक्त कुणाकडून आली, तेवढं आधी विचारतात.