सोनवणेबाईंच्या हाती मनगट

सोनवणेबाईंना नमस्कार करायला हात जोडले, तर त्या त्यातला एक हात ओढून घेतात आणि नाडी बघतात. खोडदच्या आमच्या शाळेत त्या खेळाच्या शिक्षिका, मी विज्ञान शिकवतो. गेल्या लग्नसराईत त्यांनी भर मांडवात नवरदेवाचं मनगट धरलं. "लई पळतीय," त्या म्हणाल्या. "काय घेतलंय?" सकाळपासून नुसता चहाच झालाय, हे नवरदेवानं निमूट कबूल केलं.

"काय घेतलंय?" हा बाईंचा ठरलेला प्रश्न. खेळाडूंची दुखणी आणि औषधं यांचं प्रशिक्षण त्या कुठूनसं घेऊन आल्या, तेव्हापासून गावात कुणाच्याही पोटात गेलेली गोळी बाईंना ठाऊक असावी लागते. एकदा मुख्याध्यापक खोकल्याचं औषध पिऊन मोटरसायकलला किक मारत होते. बाईंनी किल्ली काढून घेतली.

"त्यानं झोप येती, सर. पोरी हे प्यायल्या तर त्यास्नी मी मैदानात सोडत न्हाई, तुमाला रस्त्यावर कशी सोडू?"

सर मुकाट माझ्या गाडीवर मागे बसले.

यंदा निरगुडसरला मुलींच्या कबड्डीचा अंतिम सामना होता. आमची सगळी भिस्त कोमलच्या चढाईवर. सामन्याआधी बाईंनी सवयीनं तिचं मनगट धरलं आणि सोडलंच नाही.

"काय घेतलंय?"

"काय न्हाई, बाई."

"कोमल."

"पप्पांनी तापाची गोळी दिली सकाळी."

वडील शेजारीच होते. "अंग गार हाय की आता. खेळू द्या तिला."

"गोळीनं अंग गार झालंय, भाऊ. दुखणं हाय तिथंच हाय. अशात पळवलं तर हृदयावर येतं. ती न्हाई खेळणार."

"फायनल हाय, बाई."

"असू द्या."

निदान शेवटची पाच मिनिटं तरी, असं मीही हळूच सुचवलं. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पाण्याच्या बाटल्या भरायला निघून गेलो.

आम्ही हरलो. थोडक्यात हरलो, ते जास्त लागलं. वडील सगळ्यांदेखत म्हणाले, "पोरीचं नुकसान केलं तुमी."

"व्हय," बाई म्हणाल्या आणि कोमलच्या अंगावर स्वतःची शाल गुंडाळू लागल्या. परतीच्या जीपमध्येच पोरगी पुन्हा तापली.

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी मी तिला बघायला गेलो, तर बाई उशाशी. शाळा सुटली की त्या रोज थेट इथंच येतात, असं कोमलच्या आईनं सांगितलं. ताप उतरला होता, या खेपेला खरोखरचा. वडील बाईंशी अजून बोलत नव्हते. पण भाकरी झाल्यावर तेच बायकोला म्हणाले, "बाईंचं पण वाढ."

"नगं, माझं हाय घरी."

बाई एकट्या राहतात. घरी चूलही पेटलेली नसणार, हे मला ठाऊक होतं.

"राहू द्या की ते," कोमल म्हणाली. "बसा, बाई."

बाई बसल्या. जेवण झालं, ताटात हात वाळला, तरी उठेनात. वांग्याची भाजी कशी केली, ते कोमलच्या आईला पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या.